आधी जागा रिकामी करा

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गजवळ रोझलिन इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. डॉली मेंढी जन्मली ती इथेच. या संस्थेत गेल्या काही वर्षांत अशा कोंबड्या वाढवल्या गेल्या, की त्या नेमाने अंडी घालतात, पण त्या अंड्यांतून निघणारं पिल्लू त्यांचं नसतं. पिसांचा रंग वेगळा, तुरा वेगळा, जातच वेगळी. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते आणि कावळीण बिचारी ते आपलं समजून उबवते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे गोष्ट एक पायरी पुढे गेली आहे. परक्याचं अंडं घरट्यात येऊन पडत नाही, ते या कोंबडीच्या स्वतःच्या अंडाशयातच तयार होतं.

हे साधायचं तर दोन कामं करावी लागतात. एक, परक्या जातीच्या जननपेशी या कोंबडीच्या शरीरात आणून सोडायच्या. दोन, तिच्या स्वतःच्या जननपेशी आधी काढून टाकायच्या. वर्तमानपत्रांत येतं ते पहिल्या कामाबद्दल, कारण नवं काहीतरी घातलं की बातमी होते. पण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर शास्त्रज्ञांचा घाम निघाला तो दुसऱ्या कामात. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

मुळात एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? उंदराच्या किंवा गाईच्या बाबतीत जनुकात बदल करायचा तर नुकतंच फळलेलं, एका पेशीचं बीज हाती घेता येतं, त्यात सूक्ष्म सुईने हवं ते सोडता येतं, आणि मग ते दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवता येतं. कोंबडीत हा रस्ता जवळजवळ बंद आहे. बीज फळतं ते कोंबडीच्या पोटात, बलक अंडाशयातून सुटून नलिकेच्या तोंडाशी येतो तेव्हा. त्यानंतर त्यावर पांढरं चढतं, पापुद्रे चढतात, कवच चढतं, आणि सुमारे चोवीस-पंचवीस तासांनी अंडं बाहेर पडतं. तोवर आतलं एका पेशीचं बीज एका पेशीचं राहिलेलं नसतं. ताज्या फळलेल्या अंड्याच्या बलकावर जो पांढुरका ठिपका दिसतो, त्यात पन्नास-साठ हजार पेशी असतात. म्हणजे अंडं आपल्या हाती येतं तेव्हा गाडी केव्हाच सुटलेली असते.

क्लोनिंगचीही हीच गत. डॉलीच्या वेळी अंडपेशीतलं केंद्रक काढून दुसरं बसवलं होतं. कोंबडीची अंडपेशी म्हणजे तो अख्खा बलक. एवढ्या पिवळ्या डोहात केसाच्या टोकाहून लहान केंद्रक शोधायचं, ते काढायचं, आणि तो बलक पुन्हा कोंबडीच्या पोटात घालून त्यावर कवच चढवून घ्यायचं. डॉली जिथे झाली त्या संस्थेलाही ही वाट सोडून द्यावी लागली.

राहिला गोठवण्याचा मार्ग. गाईंचे भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं राहतात. कोंबडीचं अंडं तसं गोठवता येत नाही, बलक आड येतो. कोंबड्याचं वीर्य गोठवता येतं, पण वितळल्यावर त्याची फलनक्षमता बरीच घटते. शिवाय एक मूलभूत अडचण आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे झेड गुणसूत्राची जोडी असते आणि कोंबडीकडे एक झेड व एक डब्ल्यू. हे डब्ल्यू गुणसूत्र कोंबड्याच्या वीर्यात असायचं कारणच नाही. उद्या एखाद्या जातीतल्या सगळ्या कोंबड्या मेल्या आणि हाती फक्त गोठवलेलं वीर्य उरलं, तर ते दुसऱ्या जातीच्या कोंबडीला द्यायचं, तिच्या मुलींना पुन्हा तेच वीर्य द्यायचं, मग नातींना, असं करत जावं लागेल. सहा पिढ्या गेल्या की मूळ जातीचा वाटा अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर जातो. शंभर कधीच होत नाही, आणि आईकडूनच येणारं जे जे असतं ते कायमचं परकंच राहतं.

म्हणून सगळी भिस्त येऊन ठेपते ती एकाच प्रकारच्या पेशींवर. त्यांना आद्य जननपेशी म्हणतात. पुढे ज्यांच्यापासून शुक्राणू किंवा अंडपेशी बनणार, त्या या पेशी. शरीराच्या बाकी सगळ्या पेशी त्या जिवाबरोबर संपतात, पुढच्या पिढीत जातात त्या यांच्याच वंशातल्या.

या पेशी कुठून येतात यावर एकेकाळी बराच वाद होता. १८७० साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी कोंबडीच्या भ्रूणाचा अभ्यास करून असं मत मांडलं, की जननग्रंथीवरच्या आवरणातूनच त्या तिथल्या तिथे तयार होतात. तर्काला पटणारं मत होतं. वृषण आणि अंडाशय यांच्या पेशी वृषणात आणि अंडाशयातच जन्माला येणार, नाहीतर कुठे? चव्वेचाळीस वर्षांनी, १९१४ साली, चार्ल्स स्विफ्ट या अमेरिकन संशोधकाने भ्रूणाचे पातळ काप एकामागून एक तपासून उलटंच दाखवलं. या पेशी जननग्रंथी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीपासून असतात, आणि त्या असतात भ्रूणाच्या डोक्याच्याही पुढे, शरीराच्या बाहेरच म्हणावं अशा एका चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात. तिथून त्या रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर वाहत आपल्या मुक्कामी पोचतात.

ही सफर घड्याळ लावून पाहण्यासारखी आहे. अंडं घातलं जातं तेव्हा ठिपक्याच्या मध्यभागी अशा काही डझन पेशी असतात. उबवणीच्या पहिल्या दिवसात त्या पुढे सरकून चंद्रकोरीत गोळा होतात. दीड दिवसाच्या सुमारास तिथे त्यांची संख्या दोनशेच्या आसपास असते. तोवर भ्रूणाचं हृदय धडधडू लागलेलं असतं आणि रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जात असतं. या पेशी त्या वाहिन्यांत शिरतात, अडीच दिवसांपर्यंत रक्तात फिरतात, आणि पोटाच्या मागच्या बाजूला जननग्रंथीची नुसती उंचवट्यासारखी रेघ उमटलेली असते तिथे उतरून घेतात. उंदराच्या भ्रूणात याच पेशी ऊतींमधून रांगत जातात, रक्ताच्या वाटेला जात नाहीत. कोंबडीत त्या रक्ताने जातात म्हणून माणसाला संधी मिळाली. रक्त काढता येतं आणि रक्तात सुईने घालताही येतं.

आजची पद्धत थोडक्यात अशी. अडीच दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. आत बलकावर लाल रेषांच्या जाळ्यात, सुईच्या टोकाएवढ्या हृदयासह, भ्रूण पडलेला दिसतो. तापवून ओढून बारीक केलेल्या काचेच्या नळीने त्याच्या महाधमनीत एक-दोन मायक्रोलिटर द्रव सोडायचा. त्यात काही हजार परक्या आद्य जननपेशी असतात. खिडकी बंद करायची आणि अंडं उबवणी यंत्रात परत ठेवायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर. या परक्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची युक्ती २००६ साली कॅलिफोर्नियातल्या ओरिजेन थेरप्युटिक्स या कंपनीच्या संशोधकांना साधली. त्या बशीत महिनोन्‌महिने वाढतात, गोठवता येतात, त्यांच्या जनुकांत बदल करता येतो, आणि एवढं होऊनही रक्तात सोडल्या की आपला रस्ता बरोबर शोधतात. कोंबडीच्या जैवतंत्रज्ञानातला हा मोठा टप्पा, यात शंका नाही.

पण नुसतं सुईने सोडून भागत नाही. यजमान भ्रूणाच्या स्वतःच्या पेशी त्याच वेळी त्याच रक्तातून त्याच जागी निघालेल्या असतात. त्या घरच्या, यांचा प्रवास बशीतून. परिणामी मोठ्या झालेल्या कोंबड्याच्या वीर्यात दोन्ही वंशांचे शुक्राणू मिसळलेले निघतात, आणि परक्यांचा वाटा किती पडेल याचा भरवसा नसतो. एका कोंबड्यात निम्मा, दुसऱ्यात शंभरातला एक. हव्या त्या पिल्लासाठी शेकडो पिल्लं उबवून, तपासून, नको ती बाजूला काढावी लागतात. संशोधनाचा पैसा आणि पिल्लांचे जीव दोन्ही त्यात जातात. तेव्हा घरच्या पेशी आधी घालवा, ही निकड पहिल्यापासून होती.

पहिला उपाय सरळ होता, कापून टाकणे. पेशी चंद्रकोरीत जमलेल्या असतात तेव्हा ती चंद्रकोरच कापून काढायची. काही भ्रूण जगतात, बरेच दगावतात, आणि चार-दोन पेशी कापाच्या अलीकडे राहिल्या की पुन्हा वाढून जागा भरून काढतात.

मग किरण. १९४६ साली इटलीत रेनातो दुल्बेको या तरुण डॉक्टराने कोंबडीच्या भ्रूणांवर अगदी सुरुवातीच्या अवस्थेत गॅमा किरण सोडले आणि जननपेशी नाहीशा केल्या. हेच दुल्बेको पुढे अमेरिकेत गेले, कर्करोगाच्या विषाणूंवर काम केलं आणि १९७५ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांच्या चरित्रात कोंबडीच्या प्रयोगाला फारशी जागा मिळत नाही. आपल्या विषयासाठी मात्र त्यातलं एक निरीक्षण लाखमोलाचं आहे : जननपेशी नसल्या तरी जननग्रंथी तयार होतात. वृषणाचा किंवा अंडाशयाचा सांगाडा, त्यातल्या आधार देणाऱ्या आणि संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी, हे सगळं जननपेशींची वाट न पाहता उभं राहतं. रिकामी जागा मिळू शकते, असा त्याचा अर्थ. हे उलट निघालं असतं तर पुढचं काहीच शक्य नव्हतं.

फ्रान्समध्ये रेनो या संशोधकाने गॅमाऐवजी अतिनील किरण वापरले. ते खोल जात नाहीत, त्यामुळे नेमके चंद्रकोरीवर टाकता येतात आणि बाकीचा भ्रूण वाचतो. १९६९ साली त्याने कोंबडीच्या भ्रूणात टर्कीच्या आद्य जननपेशी रक्तावाटे सोडून दाखवल्या. जात ओलांडून, प्रजातीही ओलांडून. त्या काळात जनुक संपादन हा शब्दही नव्हता.

जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात वेगळी वाट धरली. पेशी रक्तात फिरत असतात त्याच घटकेला भ्रूणाचं थोडं रक्त काढून घ्यायचं आणि त्या जागी दुसऱ्या जातीच्या पेशी सोडायच्या. एका दगडात दोन पक्षी, असं म्हणायचा मोह होतो, पण पक्ष्यांच्याच प्रकरणात ती म्हण नको. यात मेख अशी, की रक्त काढताना सापडतात त्या फक्त त्या क्षणी रक्तात असलेल्या पेशी. जी टोळी आधीच मुक्कामी पोचली किंवा अजून निघायचीच आहे, ती सुटते.

याच सुमारास औषधाचा विचार आला. १९९१ साली इंग्लंडमध्ये आइगे-गिल आणि सिमकिस यांनी ब्युसल्फान हे औषध कोंबडीच्या अंड्यात वापरून भ्रूण वंध्य करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ब्युसल्फान हे रक्ताच्या कर्करोगावरचं जुनं औषध. अस्थिमज्जा रोपणाच्या आधी रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी करण्यासाठीही ते देतात, म्हणजे दात्याच्या पेशींना बसायला जागा होते. कोंबडीच्या भ्रूणात तेच तत्त्व. पेशीच्या डीएनएचे धागे हे औषध एकमेकांना चिकटवून टाकतं, आणि आद्य जननपेशींना ते विशेष झोंबतं. पण ते विषच. मात्रा कमी पडली तर पेशी उरतात, जास्त झाली तर भ्रूणात व्यंग येतं किंवा तो मरतो. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे बलकात कुठे किती पोचलं याचा पत्ता लागत नाही.

यावर तोडगा काढला जपानमध्ये नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातला निघाला : तिळाचं तेल. औषधाचा द्रव आणि तिळाचं तेल सारख्या मापाने घेऊन त्यांनी सूक्ष्म, एकसारख्या थेंबांचं दुधासारखं मिश्रण बनवलं आणि ते बलकात सोडलं. औषध एकदम न भिडता हळूहळू सुटत राहिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत घरच्या पेशी शेकडा एकाच्याही खाली आल्या होत्या. अशा भ्रूणांतून वाढलेल्या नर-मादींच्या पिल्लांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक पिल्लं परक्या वंशाची निघाली. औषध न दिलेल्या गटात हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. सुई तीच, पेशी त्याच, हात तेच. फरक फक्त जागा रिकामी केली होती की नव्हती याचा. या विषयात मला एकच आकडा सांगायला लावला तर मी हाच सांगेन.

त्याच गटाने गिफू-जिदोरी या जपानच्या दुर्मीळ देशी कोंबडीवर आणखी एक सुरेख काम केलं. अडीच दिवसांच्या भ्रूणातून थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या जननपेशी गोठवायच्या, आणि ज्याचं रक्त घेतलं तो भ्रूण मारून न टाकता उबवून वाढू द्यायचा. पिल्लूही मिळालं आणि त्याचा वंशही कुपीत जमा झाला. दुर्मीळ जातीत एकेक अंडं मोलाचं असतं, तिथे या काटकसरीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तरी नव्व्याण्णव म्हणजे शंभर नव्हे, आणि विष ते विषच. पुढची झेप जनुकांच्या बाजूने आली. रोझलिनमध्ये माइक मॅकग्रू यांच्या गटाने डीडीएक्स-४ नावाचं जनुक निवडलं. हे जनुक जननपेशींतच काम करतं आणि कोंबडीत ते झेड गुणसूत्रावर असतं. कोंबडीकडे झेड एकच, म्हणजे या जनुकाची प्रतही एकच. ती मोडली की दुसरी नाही. २०१७ साली त्यांनी दाखवलं, की अशा कोंबडीत जननपेशी सुरुवातीला तयार होतात पण पुढे नाश पावतात. कोंबडी धडधाकट वाढते, फक्त तिला अंडी होत नाहीत. दोन झेड असलेला कोंबडा एक प्रत मोडली तरी चांगल्या प्रतीवर निभावून नेतो, त्यामुळे हा वाण त्याच्यामार्फत पुढे चालवता येतो, त्याच्या निम्म्या मुली वंध्य निघतात. अशा वंध्य कोंबड्यांत, त्या भ्रूण असतानाच, परक्या जातीच्या पेशी सोडल्या. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला : त्यांनी घातलेली अंडी सगळीच्या सगळी परक्या वंशाची होती. सरमिसळ नाही, आणि औषधाचीही गरज नाही.

मात्र ही युक्ती फक्त कोंबडीपुरती चालते. कोंबड्यालाही तसंच करायचं तर दोन्ही प्रती मोडाव्या लागतील. आणि यजमान बाजू एकच असली तर शुद्ध पिल्लासाठी दुसऱ्या बाजूला शुद्ध जातीचा जिवंत कोंबडा हवाच. जात नामशेष झाली असेल तर तो आणणार कुठून?

म्हणून २०२१ साली याच संस्थेच्या संशोधकांनी जे केलं ते मला या सगळ्या मालिकेतलं सर्वांत चतुर वाटतं. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची एक यंत्रणा असते. कॅस्पेझ-९ हे प्रथिन त्या यंत्रणेची कळ दाबतं. त्यासाठी त्याचे दोन रेणू एकत्र यावे लागतात. या प्रथिनाचं थोडं बदललेलं रूप असं बनवता येतं, की एक विशिष्ट औषध दिल्याशिवाय ते रेणू जोडले जातच नाहीत. ही कल्पना मूळची माणसाच्या उपचारांतली. रुग्णाला दिलेल्या रोगप्रतिकारक पेशी बिथरल्या तर त्या झटकन संपवता याव्यात म्हणून ती तयार झाली होती. रोझलिनच्या गटाने ही कळ कोंबडीच्या डॅझल या जनुकाला जोडली. ते जनुक जननपेशींतच चालू असतं, त्यामुळे कळही तिथेच तयार होते. औषध न देता वाढवलेल्या अशा कोंबड्या नेहमीसारख्या अंडी देतात, कोंबडे नेहमीसारखे फळतात, कळप सुखाने वाढतो. ज्या भ्रूणाला यजमान करायचं, त्यालाच औषध द्यायचं.

आणि द्यायचं केव्हा? परक्या पेशी सोडतानाच, त्याच थेंबात मिसळून. परक्या पेशींत ती कळ नाही, त्यांना औषधाचं काहीच वाटत नाही. घरच्या पेशी मात्र संपतात. रिकामं करणं आणि भरणं एकाच टोचणीत. नर आणि मादी दोन्ही यजमान तयार झाले. त्यांची एकमेकांशी जोडी लावली, तर पहिल्याच पिढीत गोठवलेल्या जातीची शुद्ध पिल्लं मिळाली. सहा पिढ्यांचा फेरा टळला. आई-बाप दोघेही जनुकबदल केलेले, पण पिल्लात त्या बदलाचा मागमूस नाही, कारण पिल्लू त्यांच्या वंशाचं नाहीच. याच पद्धतीने एका शुद्ध जातीत कुरळ्या पिसांचं लक्षण थेट आणून दाखवण्यात आलं. एरवी संकर करून, पिढ्यांमागून पिढ्या निवड करून ते साधावं लागलं असतं.

अशा यजमानांची गरज केवळ दुर्मीळ जाती जपणाऱ्यांनाच आहे असं नाही. २०२३ साली ब्रिटिश संशोधकांनी बर्ड फ्लूच्या विषाणूला कोंबडीच्या पेशीत हातभार लावणाऱ्या एएनपी-३२-ए या जनुकात बदल केलेल्या कोंबड्या तयार केल्या. नेहमीच्या मात्रेत विषाणू दिला तर दहापैकी नऊ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा हजारपट केल्यावर दहापैकी पाचांना झाली, आणि विषाणूने त्या जनुकाच्या भावंडांचा आधार घ्यायला सुरुवात केल्याचं दिसलं. म्हणजे एक जनुक पुरेसं नाही. पेशींच्या पातळीवर तिन्ही भावंडं एकदम निष्क्रिय केली तेव्हा विषाणूची वाढ थांबली. असे तीन-तीन बदल एकाच पक्ष्यात आणायचे, तर मिसळलेल्या वीर्यातून हवं ते पिल्लू वेचत बसणं परवडणारं नाही. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठ आणि क्युपी ही खाद्यकंपनी मिळून ज्याची अॅलर्जी येते ते ओव्होम्युकॉइड प्रथिनच नसलेलं अंडं तयार करत आहेत, तिथेही बदल आधी आद्य जननपेशींत होतो.

प्रजातीची हद्द ओलांडण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०१० साली दुबईत कोंबड्याच्या शरीरातून हुबारा पक्ष्याचे शुक्राणू मिळवून हुबाराची खरी पिल्लं जन्माला घातली गेली. हुबारा हा आपल्या माळढोकाचा आप्त. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाची आज काय अवस्था आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांचे कान इथे टवकारतील. पण उतावीळ होऊ नये. त्यासाठी मुळात माळढोकाची अंडी लागतील आणि त्यांच्या जननपेशी बशीत वाढवता आल्या पाहिजेत. कोंबडीच्या पेशींना मानवलेलं खाद्य दुसऱ्या पक्ष्यांच्या पेशींना मानवतंच असं नाही.

नैतिकतेचा प्रश्न इथे उठतोच. ब्रिटिश कायद्यात पक्ष्याच्या भ्रूणाला प्रयोगापासून संरक्षण मिळतं ते उबवणीच्या शेवटच्या एक-तृतीयांश काळात, आणि इथली टोचणी अडीचाव्या दिवशी होते. कायद्याचं उत्तर त्यात आलं. माझं म्हणाल तर, एक पक्षी वंध्य करून शेकडो नकोशी पिल्लं जन्माला घालून मारणं टळत असेल, तर मला ते कमी क्रूर वाटतं.

आता आपल्याकडे पाहू. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्याच नवापूरच्या आणि लगतच्या गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुसरा ही देशी कोंबडी सांभाळली जाते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेल्या देशी जातींत तिचं नाव आहे. एका जातीचा मुलूख आणि साथीचं केंद्र एकाच जागी असलं की काय होऊ शकतं, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. अंगणातल्या कोंबड्या साथीच्या परिघात आल्या की त्या बुसरा आहेत का, हे कोणी विचारत नाही. विचारणं शक्यही नसतं.

रोझलिनसारख्या यजमान कोंबड्या भारतात आणायच्या किंवा इथे तयार करायच्या तर जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागेल. जनुक संपादनाच्या काही प्रकारांना मार्च २०२२ मध्ये केंद्राने सवलत दिली, ती फक्त वनस्पतींना आहे, प्राण्यांना नाही. ब्रिटनमध्ये तरी सगळं मोकळं आहे असं समजू नका. तिथला २०२३चा संपादित वाणांबाबतचा कायदा इंग्लंडपुरता आहे, आणि रोझलिन स्कॉटलंडमध्ये आहे. आई-बाप जनुकबदल केलेले पण पिल्लू कोरं, अशा पिल्लाला काय म्हणायचं, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकांत चटकन सापडणार नाही. त्याला वेळ लागेल, आणि लागावाही.

पण रक्तातून जननपेशी काढून गोठवण्याच्या जपानी वाटेत कुठल्याही जनुकाला हात लागत नाही, आणि भ्रूणही वाचतो. जागा रिकामी कशी करायची हे नंतर ठरवता येईल. त्यासाठी तिळाचं तेल वापरा, नाहीतर परवानगी मिळाल्यावर कळ दाबा. जपून ठेवलेल्या पेशी मात्र आधी हव्यात. बुसराच्या फळलेल्या अंड्यांपासून हे काम सुरू करायला कोणत्याही समितीच्या निर्णयासाठी थांबण्याचं कारण मला दिसत नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि पशुसंवर्धन खात्याने ते पुढच्या साथीच्या आधी हाती घ्यावं.